रोहू फिका पडलाय की मुळातच फिका आहे?

भुसावळला एकाच पाटीत दोन रोहू पडलेले दिसतात. एक चंदेरी, पाठीवर जेमतेम करडा. दुसरा पाठीपासून कुशीपर्यंत काळपट. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की उत्तर ठरलेलं: "हाऊ तापीना शे, तो तलावना." ते बरेचदा खरंही असतं. पण या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक, माशाने काही मिनिटांपूर्वी बदललेला रंग. दुसरी, आठवडे-महिने त्याच्या कातडीत घडत गेलेला रंग. वरून दोन्ही सारखेच दिसतात, आतलं काम मात्र निराळं.

माशाच्या कातडीत रंगपेशी असतात. काळ्या-तपकिरी पेशींत मेलॅनिनचे कण, पिवळ्या-तांबड्या पेशींत मुख्यतः कॅरोटिनॉइड. चंदेरी चमक मात्र रंगद्रव्याची नसते, ती ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून उजेड परतल्यामुळे दिसते.

आधी झटपट बदल पाहू. काळी पेशी चहूबाजूंनी फांद्या फुटल्यासारखी असते. मेलॅनिनचे कण तिच्या मधोमध गोळा झाले की मासा फिका दिसतो, फांद्यांच्या टोकापर्यंत पसरले की गडद. मूठभर काळी रांगोळी एका ठिपक्यात ठेवा किंवा अंगणभर पसरा, रांगोळी तेवढीच राहते, अंगण वेगळं दिसतं. कण हलवण्याचा हुकूम मज्जातंतूंकडून आला तर काम सेकंदा-मिनिटांत होतं. संप्रेरकांकडून आला तर जास्त वेळ लागतो.

हा हुकूम सुटतो तो मुख्यतः डोळ्यांमुळे. वरून किती उजेड येतोय आणि तळाकडून किती परततोय, याचा मेळ मासा सतत घालत असतो. तळ पांढरा असेल तर परतणारा उजेड जास्त, म्हणून मासा फिका होतो. काळ्या तळावर उलट. दृष्टी गेलेला मासा बहुधा गडद पडतो, कारण हा हिशेबच थांबतो. गंमत म्हणजे डोळे हा एकमेव मार्ग नाही. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी त्याआधी, १९११ च्या सुमारास, एका छोट्या युरोपीय माशावर काम केलं होतं. आंधळ्या माशाच्या कपाळावर उजेड पाडला तरी त्याचा रंग बदलतो, असं त्यांना आढळलं. कवटीखाली मेंदूचा उजेड ओळखणारा एक भाग असतो, त्याची ही करामत.

उजेडाखेरीज भीती, भांडण आणि विणीचा हंगामही हेच कण हलवतात. आपल्याकडची चिलापी पाहा. मूळ आफ्रिकेची, भारतात आणली गेली १९५२ मध्ये. विणीच्या दिवसांत जागा राखून बसलेला नर जवळजवळ काळा होतो, गळा मात्र पांढरा आणि परांच्या कडा लाल. तोच नर दुसऱ्याकडून हरला की थोड्याच वेळात फिका करडा पडतो. जाळ्यात दोघे शेजारी आले तर दोन जाती वाटाव्यात.

आता सावकाश घडणारा रंग. मासा आठवडेच्या आठवडे गडद तळावर राहिला तर मेलॅनिन जास्त बनतं आणि काळ्या पेशींची संख्याही वाढते. फिकट जागी दीर्घकाळ राहिला तर ती घटते. म्हणजे इथे रांगोळीच वाढते किंवा कमी होते. मासा बादलीत टाकून पाच मिनिटांत हा रंग उतरत नाही.

तांबड्या-पिवळ्याचं गणित आणखी वेगळं. कॅरोटिनॉइड मासा स्वतः तयार करू शकत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं: शेवाळातून, किंवा शेवाळ खाणाऱ्या बारीक झिंग्यांसारख्या जिवांतून. म्हणून काचेच्या टाकीतला सोनमासा नुसत्या निकस खाद्यावर महिनोन् महिने ठेवला की निस्तेज होतो. दुकानातल्या "रंग खुलवणाऱ्या" खाद्यात बहुतेकदा हेच द्रव्य घातलेलं असतं. सॅल्मनचं मांस गुलाबी होतं तेही यामुळेच.

दोन्ही प्रकार एकाच माशात पाहायचे असतील तर लांब जायला नको. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गावोगावी टाक्यांत आणि डबक्यांत सोडलेले गप्पी मासे पुरेत. नराच्या अंगावरचे काळे ठिपके त्याच्या मनःस्थितीप्रमाणे काही मिनिटांत गडद-फिके होतात. नारिंगी डाग किती ठसठशीत दिसेल, हे शेवाळ किती मिळालं यावर बरंच अवलंबून असतं. आणि डाग किती मोठा, कुठे असावा, हे बरंचसं बापाकडून येतं. हा तिसरा, पिढ्यांचा वेग. गप्पीच्या मायदेशी, त्रिनिदादमध्ये, जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९८० मध्ये दाखवलं की शिकारी मासे जास्त असलेल्या ओढ्यांत भडक नर टिकत नाहीत, आणि काही पिढ्यांत सगळी वस्तीच साधी होते.

आता परत त्या "तापीना" उत्तराकडे. तापी म्हणजे एकच पाणी नव्हे. जुलैत चांगदेवला पूर्णा येऊन मिळते ती विदर्भातल्या काळ्या मातीचा गाळ घेऊन. गढूळ पाण्यात उजेड चारी दिशांनी विखुरतो, भोवताल सगळा मळकट उजळ होतो, म्हणून मासेही फिके. हतनूर धरणाच्या साठ्यात हिवाळ्यात पाणी थांबलेलं असतं, गाळ खाली बसतो. तिथला तोच रोहू आणखी गडद दिसू शकतो. उलट नव्या, पांढुरक्या मुरमाच्या शेततळ्यातला रोहू "तापीचा" म्हणून सहज खपेल. माझ्या मते रंगावरून गाव सांगणं हा अंदाज आहे, पुरावा नाही.

मासा जिवंत असेल तर फरक तपासता येतो. दोन वेगळ्या रंगांचे रोहू एकाच पांढऱ्या टबात सोडा आणि तासभर थांबा. जेवढा फरक मिटला, तो कण हलल्याचा. जेवढा उरला, तो खाण्याचा, जुन्या पाण्याचा किंवा वंशाचा. हे थर्मोकोलच्या खोक्यातल्या मेलेल्या माशावर चालणार नाही. मेल्यावर डोळ्यांचा आणि मज्जातंतूंचा ताबा सुटतो, रंग कसाही सरकतो, बर्फात तो आणखी उतरतो. त्यामुळे फिका रोहू शिळाच आणि काळपट ताजा, हा हिशेब कामाचा नाही. ताजेपणासाठी कल्ला उघडून लाली बघावी, डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे का ते पाहावं, आणि अंगठ्याने दाबलेलं मांस लगेच वर येतंय का, ते.