सारांशलेखन व शब्दांतर : शालेय अध्यापन

वाचलेल्या मजकुराचा गाभा मोजक्या शब्दांत लिहिणे म्हणजे सारांशलेखन. तोच मजकूर अर्थाला धक्का न लावता स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या वाक्यरचनेत मांडणे म्हणजे शब्दांतर. सारांश मुळापेक्षा लहान असावाच लागतो, शब्दांतराला ती अट नाही. अभंगाच्या चार चरणांचा भावार्थ लिहायला बसले की सहज परिच्छेद होतो. शाळेत ही दोन्ही कौशल्ये लेखनाच्या तासाला शिकवली जातात, पण ती मुळात वाचनाची आहेत. मजकूर समजला नसेल तर तो लहानही करता येत नाही आणि वेगळ्या शब्दांत सांगताही येत नाही.

महाराष्ट्रात इयत्ता दहावीच्या मराठी कुमारभारतीत सारांशलेखन हा उपयोजित लेखनाचा घटक आहे. कृतिपत्रिकेत अपठित गद्य उताऱ्याचा सुमारे एकतृतीयांश सारांश लिहायचा असतो आणि त्याला पत्रलेखनाचा पर्याय असतो. पत्राचा साचा पाठ करता येतो, सारांशाचा येत नाही. त्यामुळे वर्गात पत्राचाच सराव जास्त होतो. ‘एकतृतीयांश’ या मापाचाही एक तोटा आहे. मुले अर्थ शोधण्याऐवजी शब्द मोजतात आणि मोजणी जुळली की थांबतात.

ही प्रवृत्ती संशोधकांनी तपासलेली आहे. वॉल्टर किंच आणि टॉइन व्हॅन डाइक यांनी १९७८ मध्ये वाचक मजकुरातून मुख्य आशय कसा उभा करतो याची मांडणी केली. ॲन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ मध्ये तिच्या आधारे सारांशाचे नियम तपासले : बिनमहत्त्वाचे आणि पुन्हा आलेले गाळणे, अनेक तपशिलांना एका व्यापक शब्दाखाली आणणे, मुख्य वाक्य असेल तर ते निवडणे, नसेल तर ते स्वतः तयार करणे. लहान मुलांना गाळणे लवकर जमते; मुख्य वाक्य स्वतः रचणे सर्वांत उशिरा येते. तोवर मूल ओळी उतरवत जाते, काही गाळते आणि उरलेल्याला सारांश म्हणते.

कोल्हापुरातल्या वर्गात यासाठी पावसाळ्यातल्या बातमीइतके चांगले साधन दुसरे नाही. सरावासाठी रचलेला हा उतारा पाहा : ‘राधानगरी धरण भरल्याने त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी चार उघडले आहेत. भोगावतीत विसर्ग वाढला असून राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ४१ फुटांवर गेली आहे. इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. अनेक बंधारे पाण्याखाली गेले असून काही मार्गांवरील एसटी फेऱ्या बंद आहेत. नदीकाठच्या गावांनी स्थलांतराची तयारी ठेवावी, असे प्रशासनाने कळवले आहे.’

उतरवून गाळणारे मूल पहिली दोन वाक्ये ठेवते, कारण ती आधी आली. बातमी ज्यासाठी छापली ते शेवटचे वाक्य मात्र निघून जाते. समजून लिहिलेला सारांश असा होईल : ‘धरणातून सुटलेल्या पाण्याने पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली असून ती धोका पातळीच्या दोन फूट खाली आहे. वाहतूक खंडित होऊ लागल्याने काठच्या गावांनी स्थलांतराची तयारी ठेवावी, असे प्रशासनाचे आवाहन आहे.’ यातले ‘दोन फूट’ उताऱ्यात कुठेच नाहीत. ते वजाबाकी करून आले. बंधारे आणि एसटी या दोन गोष्टी ‘वाहतूक’ या एका शब्दात आल्या. बंधारा बुडाला म्हणजे पलीकडच्या गावाची वाट बंद झाली, हे इथल्या मुलाला शिकवावे लागत नाही. दुष्काळी भागातल्या मुलाला तेवढे आधी सांगावे लागेल. विषयाची ओळख नसेल तर नियम पाठ असूनही सारांश जमत नाही, ही बाब अध्यापनात फार दुर्लक्षिली जाते.

शब्दांतरातली नेहमीची चूक म्हणजे वाक्य तसेच ठेवून शब्द बदलणे : नदीची सरिता, पाण्याचे जल. त्याहून घातक म्हणजे ‘इशारा पातळी’सारखी ठरलेली संज्ञा बदलणे. संज्ञा, आकडे आणि नावे बदलायची नसतात. ‘प्रशासनाने कळवले’ हे गाळले तर दुसऱ्याचे म्हणणे लिहिणाऱ्याचे होऊन बसते, हेही इथेच शिकवावे लागते.

सर्वांत परिणामकारक पायरी लेखणी हातात घेण्याआधीची आहे : पुस्तक मिटून शेजारच्याला सांगणे, तेही घरच्या बोलीत. ‘लई पाणी आलंय, आजून दोन फूट चढलं की धोका हाय, सामान बांधून ठेवाय पायजे’ असे जो सांगतो त्याला उतारा समजलेला आहे. उरते ते प्रमाण मराठीत आणण्याचे काम. बोली वर्गाबाहेर ठेवणारा शिक्षक ही पायरीच काढून टाकतो आणि मग मुलापाशी पुस्तकाचे शब्द सोडून दुसरे शब्दच उरत नाहीत. गडहिंग्लज, शिरोळ या सीमेलगतच्या तालुक्यांत काही मुलांची घरची भाषा कन्नड असते. त्यांनी आधी कन्नडमध्ये सांगितले तरी हेतू तोच साधतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हापासून पुस्तकी भाषा घरात नसलेली मुले इथल्या शाळांत येत आहेत. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलाच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला अभ्यासात मानाची जागा दिली.

गटात शिकवण्याची एक पद्धत ॲनमरी पॅलिन्स्कर आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडली. मुले आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात, परिच्छेदाचा सारांश सांगतात, प्रश्न विचारतात, अडलेले स्पष्ट करतात आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधतात. मोठ्या पटाच्या वर्गातही चार-पाच जणांचे गट करून हे चालवता येते.

हे शाळेत राहून गेले की महाविद्यालयात अडचण होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात इतरांच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे कारवाई टप्प्याटप्प्याने कडक होते आणि ६० टक्क्यांवर नोंदणी रद्द होते. त्या धास्तीने विद्यार्थी साम्य घटवण्यासाठी शब्द फिरवतात. म्हणजे नदीची सरिता पुन्हा सुरू होते. शिवाय शब्द पूर्ण बदलले तरी विचार ज्याचा आहे त्याचा संदर्भ द्यावाच लागतो.