पळणाऱ्याचे पाय पाण्यात का बुडतात?

"अहो, तुमचा स्टॅमिना कमी पडतोय." गेल्या उन्हाळ्यात ठाण्यातल्या पालिकेच्या तरणतलावावर हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं. तिघांनीही काठावर उभं राहून. मी तेव्हा भिंतीला लटकून धापा टाकत होतो, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

पण वाद घालण्यासारखं होतं. मी दहा किलोमीटर न थांबता पळतो. रविवारी सायकलवर येऊरचा चढ चढतो आणि वर पोहोचल्यावर चहा मागण्याइतका श्वास शिल्लक असतो. तोच मी पंचवीस मीटर फ्रीस्टाइल मारली की संपलो. शेजारच्या लेनमधल्या काकू साठीच्या पुढच्या. तलावाच्या चार पायऱ्या उतरताना त्या गुडघा धरतात आणि पाण्यात शिरल्या की सहा-सहा लॅप मारून वर माझी चौकशीही करतात. स्टॅमिना हेच कारण असेल तर काकूंनी माझ्याआधी मॅरेथॉन पळायला हवी.

ट्रायथलॉनच्या वाटेला लागलेल्या बहुतेकांची हीच गत होते. सिडनीत २००० साली ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये आली ती दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं अशी. गोव्यात मिरामारला २०१९ पासून जी अर्धी आयर्नमॅन, म्हणजे याच शर्यतीची लांब पल्ल्याची बहीण, होते, तिच्यात समुद्रातलं अंतर १.९ किलोमीटर आहे. एकूण अंतरात पोहण्याचा वाटा चिमूटभर, आणि झोप उडते ती त्याच्याच धास्तीने.

शाळेतला आर्किमिडीज आठवा. बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वर मिळतो. छातीत भरलेली एक लिटर हवा म्हणजे साधारण एक किलोचा जादा रेटा. सत्तर किलोचा सडपातळ माणूस फुप्फुसं पूर्ण रिकामी करून पाण्यात बसला तर दोन-तीन किलोंनी जड होऊन तळाला जातो आणि छाती पूर्ण भरली तर दोनेक किलोंनी हलका होऊन तरंगतो. हे दोन किलो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

म्हणजे तरंगण्याची चिंता नाही. चिंता आहे आडवं तरंगण्याची.

पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तळाशी मूठभर वाळू घाला, बूच घट्ट लावा आणि ती बादलीत आडवी सोडा. क्षणभरही आडवी राहणार नाही, वाळू खाली घेऊन उभी राहील. आपण तीच बाटली आहोत. हवा छातीत, आणि हाडं-स्नायूंचा भरीव माल कमरेखाली. सगळं वजन एका बिंदूतून खाली ओढतंय असं मानलं, तर तो गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास येतो. पाण्याचा रेटा ज्या बिंदूतून वर ढकलतो, तो प्लावनमध्य त्याच्यापेक्षा किंचित छातीकडे असतो. या दोघांतलं अंतर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, म्हणजे नखाएवढं. पण त्या नखाएवढ्या अंतरावर सत्तर किलो वर ढकलतायत आणि सत्तर किलो खाली ओढतायत. सत्तर गुणिले एक, म्हणजे सत्तर किलो-सेंटिमीटरचं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर. ते आपल्याला त्या बाटलीसारखं पायावर उभं करायला बघतं. पळणाऱ्याच्या मांड्या-पोटऱ्या भरीव, चरबी कमी, त्यामुळे त्याचा हा आकडा मोठा. बायकांच्या कमरेभोवती आणि मांड्यांत चरबी तुलनेने जास्त असते, चरबी पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे त्यांचे पाय आपसूक वर राहतात. काकूंचं गुपित एवढंच.

मासुंदा तलावात पॅडलच्या बोटीत तुम्ही बसला असाल. मागच्या बाजूला वजनदार मंडळी बसली की बोटीचं नाक वर उठतं, आणि मग कितीही पॅडल मारा, बोट पाणी कापत नाही, ढकलत बसते. पाय बुडालेला पोहणारा हीच बोट. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस नुसता १५ अंशांनी कलला तर १.७५ गुणिले साइन १५, म्हणजे जवळपास ४५ सेंटिमीटर उंचीची भिंत तो पाण्यातून ढकलत नेतो. सपाट असता तर तेवढ्यापैकी निम्म्यात भागलं असतं. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. शिवाय त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी शक्ती घनाने. वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती ३३ टक्के जास्त. म्हणून घाबरून जोरात हात मारणारा नवशिका आपला दम अक्षरशः पाण्यात घालतो.

आता माझ्या आवडीच्या जागी आलो. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी माझी हरकत नाही.

तलावावर सगळे सांगतात, "मान वर केली की पाय खाली जातात, सी-सॉसारखं." मीही मान डोलावली होती. पण कागदावर मांडायला बसलो तर गणित उलटं आलं. साडेचार किलोचं डोकं पाण्याबाहेर काढलं की पाण्याने त्याला दिलेला आधार गेला, म्हणजे पुढची बाजू जड झाली. सी-सॉच्या न्यायाने पुढची बाजू खाली आणि पाय वर यायला हवेत! मग खाली का जातात? कारण ते जड डोकं बाहेर टिकवायला आपण नकळत पुढचे तळहात पाण्यावर दाबतो. डोकं गुरुत्वमध्यापासून साधारण ६५ सेंटिमीटरवर, तळहात ९० वर. साडेचार किलोचा आधार ६५ वर सुटला आणि तेवढाच ९० वर घेतला, तर फरक साडेचार गुणिले २५, म्हणजे ११२. हे ११२ आपल्या आधीच्या ७० मध्ये पाय बुडवण्याच्या बाजूने मिळतात. गणित ढोबळ आहे, पण बेरीज दुपटीच्या वर जाते हे नक्की. गोम मानेत नाही, हातात आहे. जो तळहात पाणी मागे ढकलायला हवा, तो खाली दाबण्यात खर्ची पडतो. पुढे जायचं बळ गेलं आणि पायही बुडाले. याच हिशोबात एक सुखद गोष्टही सापडते. हवेतून पुढे येणारा हात साडेतीन किलोचा, त्याला पाण्याचा आधार नाही आणि तो पाण्यात पडण्याआधी गुरुत्वमध्याच्या सत्तरेक सेंटिमीटर पुढे असतो. ते झालं २४५, आणि तेही पाय उचलण्याच्या बाजूने. आमचे सर "हात लांब टाक, कानाजवळ आपटू नको" असं ओरडतात त्यात सौंदर्यदृष्टी नव्हती, तरफ होती.

बरं, पाय मारून पाय वर ठेवता येतील का? येतील, पण मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, त्यांची प्राणवायूची भूकही मोठी. त्यात पळणाऱ्याचा घोटा ताठ. बॅलेवाल्यांसारखी पावलं मागे वळत नाहीत, काटकोनात खुरप्यासारखी उभी राहतात. किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी, हातात धरून मी पहिल्यांदा नुसती किक मारली तेव्हा मी मागे गेलो होतो. थट्टा नाही, इंचभर का होईना, मागे.

श्वासाचं थोडक्यात. गुदमरल्यासारखं होतं ते बहुतेकदा प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. म्हणून तोंड पाण्यात असतानाच बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे तोंड बाहेर आलं की फक्त घ्यायचं काम उरतं. आणि मान उचलायची नाही, अंगाबरोबर कुशीवर वळायचं. पुढे सरकणाऱ्या डोक्यापाशी एक छोटी लाट उठते आणि तिच्यामागे, गालाच्या शेजारी, पाण्यात खळगा पडतो. एक गॉगल पाण्यात ठेवूनही त्या खळग्यात तोंडाला हवा मिळते. पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी दचकून पाणीच प्यायलो.

त्या दोन किलोंचं राहिलं. माझ्या आजोळच्या विहिरीवर शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरा. दर दोन-चार वर्षांनी विहीर एक बळी घेते, त्या पाय धरून ओढतात, असं आजी सांगायची. तलावांच्या या शहरातही अमुक तलाव "माणूस घेतो" असं शिकलेले लोक बिनदिक्कत बोलतात. छाती भरलेल्या माणसाकडे शिल्लक असते दोनेक किलोंची, आणि मदतीसाठी वर केलेला एक अख्खा हात साडेतीन किलोंचा. दोन्ही हात वर केले की सातचा बोजा. खाली ओढायला आसरांना यावं लागत नाही. ओरडण्यात छातीतली हवा जाते ती वेगळीच.

त्याच विहिरीत मामा लोक पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकले. भोपळा आजही मिळतो, फक्त तो फोमचा असतो, त्याला पुल बॉय म्हणतात आणि तो मांड्यांच्या मध्ये धरतात. सरांनी एके दिवशी तो माझ्याकडे फेकला. त्या सकाळी मी न थांबता दोन लॅप मारले, पन्नास मीटर. आदल्या दिवशी पंचवीसमध्ये संपलेला माणूस एका रात्रीत स्टॅमिना कुठून आणणार? फुप्फुसं तीच, हृदय तेच, बदललं काय तर पाय वर आले. काठावरच्या तिघांना मी हे सांगितलं. एक म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं, स्टॅमिना वाढेल!"

पुल बॉय आठवड्याभराने सरांनी काढून घेतला. आता भोपळ्याविना पंचवीस मीटरला २६ हात लागतात, सुरुवातीला ३४ लागायचे. पण समुद्रात तळाला निळी रेघ नसते, दिशा चुकू नये म्हणून लांबचा बोया अधूनमधून बघावाच लागतो, म्हणजे पुन्हा मान आणि पुन्हा ते ११२. त्यावर तोड म्हणजे मगरीसारखे फक्त डोळे बाहेर काढायचे, तोंड पाण्यातच, आणि श्वास त्यानंतर कुशीवर वळून. सरावासाठी मी पलीकडच्या काठावर लाल बादली ठेवतो आणि दर आठ हातांनी तिच्याकडे बघतो. परवा काकू लेनच्या दोरीवर हात ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या, "रोज त्या बादलीत काय शोधता हो?"