थर (दहीहंडी)

थर म्हणजे दहीहंडी फोडण्यासाठी गोविंदा एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहून जो मनोरा रचतात, त्याचा एकेक मजला. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत गल्लोगल्ली थर लागतात. पण नऊ आणि दहा थरांच्या इतिहासात ठाणे शहराचे नाव सर्वांत ठळक आहे. टेंभी नाका, जांभळी नाका, वर्तकनगर, पाचपाखाडी आणि नौपाडा इथल्या हंड्यांची बक्षिसे मोठी असल्याने मुंबईतली नामांकित पथकेही त्या दिवशी ठाणे गाठतात.

सर्वांत अचाट शरीरे कोणत्या खेळात आढळतात, या चर्चेत साधारणपणे एकच मापदंड लावला जातो आणि उत्तर त्या मापदंडानुसार बदलते. दम मोजला तर बर्फावरून लांब अंतर स्कीइंग करणारे पहिले. नॉर्वेच्या ब्यॉर्न डेलीची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ९६ मिलिलिटर सांगितली जाते. सामान्य तरुणात ती ४०-४५च्या आसपास असते. निव्वळ ताकद मोजली तर जॉर्जियाचा भारोत्तोलक लाशा तालाखाद्झे, ज्याने २०२१ मध्ये दोन प्रकारांत मिळून ४९२ किलो उचलले. शरीरावरचा ताबा मोजला तर जिम्नॅस्ट, आणि आपल्याकडचे मल्लखांबपटू. या यादीत गोविंदा कुठेच येत नाही, कारण प्रयोगशाळेत एकट्याला उभे करून मोजावे असे त्याच्याकडे फारसे काही नसते. आठवडाभर नोकरी किंवा कॉलेज करणारा हा मुलगा. थर मोजायचा तर सगळा एकत्रच मोजावा लागतो, आणि तसा मोजला तर त्याची गणना या यादीत करायला हरकत नाही.

बहुतेक खेळ एका साच्याची शरीरे निवडतात. जलतरणाला लांब हात हवेत, जिम्नॅस्टिक्सला ठेंगणा बांधा. थराला मात्र सगळेच लागतात. तळाला रुंद खांद्यांचे, जड, मांड्या भरलेले गडी. मधल्या थरांत अंगाने सुटसुटीत पण काटक. आणि टोकाला ‘एक्का’, म्हणजे पथकातला सर्वांत हलका गोविंदा. ज्याला कुठल्याही संघात जागा मिळाली नसती असा शंभर किलोचा माणूस इथे बेसला हमखास लागतो. महिलांची स्वतंत्र पथकेही याच रचनेने थर लावतात.

वजनाचा हिशेब साधा आहे. वरच्या थरांत मिळून दहा जण, सरासरी ५० किलोचे, आणि त्यांच्या खाली पाच जण आहेत असे धरले, तर प्रत्येकाच्या खांद्यांवर १०० किलो येतात. हे झाले स्थिर वजन. वर चढणारा प्रत्येक गोविंदा खालच्याच्या पोटरीला, कमरेला आणि मग खांद्याला पाय लावत जातो. त्याच्या प्रत्येक पावलाला भार एका बाजूला झुकतो. भारोत्तोलक वजन डोक्यावर काही क्षण धरतो आणि खाली टाकतो. तळाच्या गोविंदाला टाकून देण्याची सोय नाही. त्याचे स्नायू न हलता ताणलेले राहतात, आखडलेल्या स्नायूंतून रक्त नीट फिरत नाही, रक्तदाब चढतो. श्वास कोंडून धरला तर आणखी चढतो, म्हणून श्वास चालू ठेवणे हाही सरावाचाच भाग. मांड्या थरथरू लागल्या की ती थरथर वरपर्यंत पोचते, आणि खाली उभे असलेले जाणते थर पुढे चढवायचा की उतरवायचा हे बहुधा त्यावरूनच ठरवतात.

मधल्या थरांचे काम बाहेरून कमी दिसते, पण माझ्या मते सर्वांत अवघड तेच. तळाच्यांना भोवती दाटलेल्या पथकाचा आधार असतो. तिसऱ्या-चौथ्या थरावर असा आधार नाही. तिथे फक्त गोलात उभे राहून एकमेकांच्या दंडांना मारलेली घट्ट मिठी आणि पायाखाली दुसऱ्याचा खांदा. पाय अनवाणी, कारण बोटांनी खांदा पकडावा लागतो. त्यात श्रावणातल्या सरी आणि वरून पाण्याचे फवारे. ओला खांदा निसरडा, ओला टी-शर्ट त्याहून निसरडा. नजर खाली न टाकता, डोलणारा तोल घोट्यांतल्या बारीक हालचालींनी सावरत राहायचे. ढाक्कुमाकुमच्या गजरात सूचना ऐकू येतील याचीही खात्री नाही.

हे सगळे साधारण सव्वा महिन्यात बसवले जाते. अनेक पथके गुरुपौर्णिमेला सराव सुरू करतात. रात्री, कामावरून सुटल्यावर, मिळेल त्या मैदानात. बाहेरच्या पेहलवानाला ऐनवेळी आणून बेसला उभे करता येत नाही, कारण वरचा कसा पाय टाकतो हे खालच्याला अंगवळणी पडलेले असावे लागते.

१० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावले. उंची ४३.७९ फूट भरली आणि गिनीज बुकात नोंद झाली. दहा थरांसाठी त्यानंतर तेरा वर्षे वाट पाहावी लागली. १६ ऑगस्ट २०२५ रोजी वर्तकनगरच्या हंडीत जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने ते साधले, आणि त्याच दिवशी जय जवाननेही दहा थर लावले. एका थराची ही वाढ दिसते तेवढी लहान नाही: एक थर वर चढवायचा तर खालच्या प्रत्येक थराचे वजन, रुंदी आणि धरून उभे राहण्याचा वेळ, तिन्ही वाढतात.

उंचीबरोबर धोकाही वाढतो. बारा मीटरवरून मोकळा पडलेला माणूस जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो. एक्क्याला हेल्मेट आणि सुरक्षा दोर असतो; मधल्यांना बहुतेक वेळा खालच्या गर्दीचाच आधार. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २० फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती कायम ठेवली. त्या वर्षी नौपाड्यात मर्यादा झुगारून हंडी बांधली गेली. २०१७ मध्ये उंचीची अट गेली, वयाची अट चौदा वर्षांवर आली. चौदा पूर्ण, पण वजनाने हलका असा मुलगा शोधणे तेव्हापासून पथकांना जड जाते. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. पुढच्या वर्षी प्रो गोविंदा स्पर्धा सुरू झाली.

जगात याला तुल्यबळ परंपरा स्पेनमधल्या कॅटलोनियाची. तिथल्या ‘कास्टेल’ मनोऱ्यांना युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तिथे कमरेला लांब पट्टा आवळून बांधतात. तो पाठीला आधार देतो आणि चढणाऱ्याला पायरीही होतो. दहा थर तिथे १९९८ मध्येच झाले. मात्र मोजणीची रीत वेगळी आहे: नुसता लागलेला मनोरा आणि लागून सुखरूप उतरलेला मनोरा यांना तिथे निरनिराळे गुण मिळतात. ठाण्यात एक्क्याने वर सलामी दिली की थर लागले असे धरतात आणि निवेदक आकडा पुकारतो. थकलेल्या मांड्यांवर तेच वजन उलट्या क्रमाने उतरवायचे काम मात्र तेव्हा सुरू होते, आणि त्यासाठी वेगळे बक्षीस नसते.