ससाणा मोठा करायचा तर

झेरॉक्सच्या दुकानात ए-४ कागदावरचा नकाशा देऊन ‘दुप्पट करून द्या’ असे सांगितले, की अनुभवी दुकानदार यंत्रावर २०० नव्हे, तर १४१ टक्के हा आकडा निवडतो आणि ए-३ आकाराची प्रत हाती देतो. २०० टक्क्यांनी लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट होतील, पण क्षेत्रफळ चौपट होऊन ए-२ कागद लागेल. लांबीच्या वर्गाच्या पटीत क्षेत्रफळ वाढते, हा नियम चौरस-आयतापुरताच आहे, असा समज मात्र बहुतेकांच्या मनात शाळेपासून राहून जातो. वास्तविक कोणतीही वेडीवाकडी आकृती आलेखाच्या बारीक चौकटींनी भरता येते. आकृती मोठी केली, तरी चौकटींची संख्या तीच राहते आणि वाढते ती प्रत्येक चौकट.

हाच विचार बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी रचण्याच्या भूमितीवरील प्राचीन ग्रंथात, फार सुंदर रीतीने वापरलेला आहे. स्वर्गप्राप्तीसाठी सांगितलेली श्येनचिती, म्हणजे ससाण्याच्या आकाराची विटांची वेदी, पहिल्यांदा साडेसात चौरस पुरुष (‘पुरुष’ हे लांबीचे माप) क्षेत्रफळाची रचायची आणि पुढच्या वेळी साडेआठ, पण पंख, धड व शेपटी यांचे प्रमाण तसूभरही ढळू द्यायचे नाही. यासाठी पक्ष्याला हात न लावता मोजमापाचा ‘पुरुष’च वाढवला जातो. वाढीव एका चौरस पुरुषाचे १५ समान भाग करायचे. सात चौरसांना प्रत्येकी दोन आणि उरलेल्या अर्ध्याला एक भाग दिला, की सगळे भाग संपतात. म्हणजे प्रत्येक चौरस १ + २/१५ इतका होतो. एक पुरुष लांब आणि २/१५ पुरुष रुंद अशा पट्टीचा आधी समक्षेत्र चौरस करायचा, त्याची बाजू मूळ चौरसाच्या बाजूशी काटकोनात मांडायची आणि त्यांच्या टोकांमध्ये दोरी ताणायची. त्या कर्णाची लांबी हाच नवा पुरुष. १२० अंगुळांचा पुरुष अशा रीतीने सुमारे १२७¾ अंगुळांचा होतो : क्षेत्रफळ १३ टक्क्यांहून अधिक वाढले, माप मात्र साडेसहा टक्क्यांच्या आतच.

चितीने स्वर्ग मिळतो का, हा श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि प्राचीन ग्रंथांत विमाने शोधणाऱ्यांना शुल्बसूत्रांत ती सापडणार नाहीत. दोरी-खुंट्यांची ही भूमिती मात्र आजही अंगणात कोणालाही पडताळून पाहता येते. चिती एकेक चौरस पुरुषाने वाढत साडेएकशे एकपर्यंत जाते. तिथे क्षेत्रफळ मूळच्या साडेतेरा पटींहून अधिक होते, पण त्यासाठी पुरुषाचे माप पावणेचार पटही करावे लागत नाही.