किचेन टॉर्चमधला चिमुकला लिथियम सेल आणि त्याच्या चार्जिंगची कुळकथा

आज किल्ल्यांच्या जुडग्याला जी अंगठ्याएवढी टॉर्च लटकते तिच्या पोटात लिथियम-आयन सेल असतो आणि अंगावर कुठेतरी टाइप-सीचं भोक, मोबाइलची केबल खुपसली की काम झालं, त्यामुळे वाटतं की हे पहिल्यापासून असंच सोपं होतं. तसं अजिबात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं सोपं झालेलं नाही, कारण चार्जिंगचे नियम, चिप, चार्जर सगळं मोठ्या सेलच्या मापाने बनलं आणि हे चिमुकले सेल त्यात मागाहून घुसवले गेले.

आधी आपल्या सवयीचं बघू. आपल्याकडे चार्जिंगची टॉर्च म्हणजे कित्येक वर्षं एकच प्रकार, बुडातून दोन पिना बाहेर ओढायच्या आणि थेट भिंतीवरच्या सॉकेटला अडकवायची. आत ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, आणि चार्जर म्हणाल तर एक कपॅसिटर, चार डायोड, एखाद-दुसरा रेझिस्टर, बस. लोडशेडिंगच्या काळात मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात तपकीर गल्लीत असल्या टॉर्चचे ढीग असायचे. रात्रभर लावून ठेवायची, सकाळी काढायची, विसरलात तर दुपारी काढायची. निकेल-कॅडमियमच्या पेन्सिल सेलचंही तेच, क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा करंट १४-१५ तास द्यायचा आणि थोडं जास्त झालं तर आत तयार होणारा ऑक्सिजन आतच जिरायचा, सेल कोमट व्हायचा, बाकी काही नाही. म्हणजे चार्जर मठ्ठ असला तरी सेल सांभाळून घ्यायचा. लिथियम-आयन सेल सांभाळून घेत नाही, फरक तिथं आहे.

तो का सांभाळून घेत नाही हे त्याच्या जन्मकथेत आहे. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनमध्ये पहिली चालणारी रिचार्जेबल लिथियम बॅटरी बनवली, त्यात एका बाजूला शुद्ध लिथियम धातू होता. चार्ज करताना हा धातू सपाट बसत नाही, त्याला काटे फुटतात, ते वाढत वाढत पलीकडच्या टोकाला भिडतात आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या टीमने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड काढलं, त्याने व्होल्टेज ४ च्या घरात गेलं. आणि १९८५ मध्ये जपानच्या आसाही कासेईत अकिरा योशिनो यांनी शुद्ध धातू काढून टाकून तिथं कार्बन बसवला, लिथियम आता धातू म्हणून साठत नव्हतं, कार्बनच्या थरांत आयन म्हणून जाऊन बसत होतं. या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते यासाठीच. दरम्यान कॅनडाच्या मोली एनर्जीने धातूवालेच सेल बाजारात उतरवले होते, १९८९ मध्ये जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये त्यांनी पेट घेतला, माल परत बोलवावा लागला आणि कंपनीचं दिवाळं वाजलं. त्यानंतर शहाण्या माणसाने धातूचा नाद सोडला आणि १९९१ मध्ये सोनीने पहिला लिथियम-आयन सेल विकायला काढला.

आता गंमत बघा. योशिनोंनी धातू काढून टाकला खरा, पण चार्जिंग चुकलं की तो परत येतो! करंट फार जास्त दिला, किंवा शून्य अंशाखाली चार्ज केलं, किंवा व्होल्टेज वर ढकललं, की आयनांना कार्बनमध्ये शिरायला सवड मिळत नाही आणि ते बाहेरच धातू होऊन साचतात, म्हणजे मोलीचंच दुखणं मागच्या दाराने. म्हणून मग ती दोन टप्प्यांची पद्धत आली, आधी ठरलेला करंट द्यायचा, व्होल्टेज ४.२ ला पोचलं की तिथंच धरून ठेवायचं, करंट आपोआप उतरत जातो, तो साधारण दहाव्या हिश्शावर आला की चार्जिंग बंद. पूर्ण बंद, निकेलसारखं हळूहळू देत राहायचं नाही. सुरुवातीचे सेल ४.१ पर्यंतच भरत, पुढे ४.२ रूढ झालं आणि इकडे-तिकडे सूट फक्त ०.०५ व्होल्टची, जेमतेम एक टक्का. कपॅसिटर आणि चार डायोडवाल्या चार्जरला हे जमणं शक्यच नाही.

पण हे सगळं कॅमकॉर्डर, लॅपटॉप, फोन यांच्यासाठी चाललं होतं. टॉर्चमध्ये हे यायला एलईडीची गरज होती. १९९३ मध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी चकचकीत निळा एलईडी काढला, १९९६ मध्ये त्याच कंपनीने पांढरा आणला. फोटॉन मायक्रो-लाइटसारखे बटणाएवढे किचेन दिवे याच दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाले, त्यात कॉइन सेल असायचे, सीआर २०१६ वगैरे, संपले की फेकायचे. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्ट आणि वर लागतात, साध्या पेन्सिल सेलच्या १.५ मध्ये भागत नाही, मध्ये व्होल्टेज वाढवणारं सर्किट घालावं लागतं. लिथियम-आयनचा ३.७ मात्र एलईडीला अगदी मापात बसतो. त्यामुळे ट्रिपल-ए, म्हणजे सगळ्यात बारीक पेन्सिल सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये १०४४० सेल घालायचं खूळ निघालं ते साहजिकच होतं. १०४४० म्हणजे १० मिलीमीटर जाड, ४४ मिलीमीटर लांब, हुबेहूब ट्रिपल-ए चा आकार पण व्होल्टेज भरल्यावर ४.२. उजेड एकदम भसकन वाढायचा, लोक खूश. काही टॉर्च दोन मिनिटांत हातात धरवेनात इतक्या तापायच्या, काहींचं सर्किटच जळायचं, पण हौसेला मोल नाही.

खरी पंचाईत चार्जरची होती. त्या काळात बाजारात जे लिथियम चार्जर मिळायचे ते १८६५० साठी, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमधला तो जाडा सेल, २०००-३००० एमएएचचा (मिलीअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचं माप). त्याला ५०० मिलीअँपिअर किंवा १ अँपिअर दिला तर चालतं. १०४४० ची खरी क्षमता ३५० एमएएचच्या आसपास, त्याला सुरक्षित करंट १५०-२०० मिलीअँपिअर, फार तर ३५०. पण स्प्रिंगवाली दांडी मागेपुढे सरकवली की तो त्याच चार्जरमध्ये बसतो, आणि बसतो म्हटल्यावर लोक लावणारच! ३५० एमएएचला १ अँपिअर म्हणजे जवळपास तिप्पट वेग. ४.२ ला बरोबर थांबणारा चांगला चार्जरसुद्धा इथं घातक ठरतो, आणि हे बऱ्याच जणांच्या ध्यानात यायचं नाही कारण सगळा उपदेश व्होल्टेजबद्दल चालायचा. पुढे पाव अँपिअरची सोय असलेले चार्जर आले तेव्हा जरा हायसं वाटलं.

दुसरी अडचण जागेची. मोठ्या सेलमध्ये दाब वाढला की सर्किट तोडणारी चकती, तापलं की करंट अडवणारं वॉशर, बुडाला जादा-चार्ज आणि जादा-डिस्चार्ज थांबवणारी गोल पट्टी, असे तीन-तीन पहारे बसवता येतात. १० मिलीमीटरच्या नळीत हे मावणं मुश्किल, म्हणून बहुतेक १०४४० उघडेबोडके, नुसता सेल. अशी टॉर्च खिशात चुकून चालू राहिली की सेल २.५ व्होल्टच्याही खूप खाली जातो, तिथं आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि मग तोच सेल पुन्हा चार्ज केला की ते तांबं भलत्या जागी जाऊन बसतं. बरेच अपघात पूर्ण उतरलेला सेल ‘चला बघू उठतोय का’ म्हणून चार्जिंगला लावल्यावर होतात, असा सेल सरळ ई-कचऱ्यात द्यावा, दीडशे रुपयांसाठी घर धोक्यात घालण्यात काय शहाणपण. वर नकली सेलांचा सुळसुळाट, ३५०० पेक्षा फारसं काही न मावणाऱ्या १८६५० वर ९९०० एमएएच छापलेलं असायचं आणि ब्रँडच्या नावात बिनदिक्कत ‘फायर’!

यातून सुटका केली ती एका स्वस्त चिनी चिपने, टीपी४०५६. आठ पायांची चिप, यूएसबीचे ५ व्होल्ट घेते, ४.२ ला दीड टक्क्यात थांबते, सेल २.९ च्या खाली असेल तर आधी हळू चार्ज करते, आणि किंमत काही रुपये. शेजारी डीडब्ल्यू०१ ही संरक्षणाची चिप टाकली की नखाएवढ्या बोर्डवर सगळं बसतं. यूएसबी सगळीकडे झालेली होतीच, मग २०१५ च्या आसपासपासून नाइटकोर ट्यूब, नंतर ओलाइटची आय१आर अशा आत सेल कायमचा बसवलेल्या किचेन टॉर्च आल्या आणि सेल काढायचा-घालायचा प्रश्नच मिटला.

मिटला म्हणजे टॉर्चच्या आत गेला. टीपी४०५६ किती करंट देणार हे तिच्या एका पायावरचा रेझिस्टर ठरवतो, १.२ किलो-ओहम लावला तर १ अँपिअर, १० किलो-ओहम लावला तर १३० मिलीअँपिअर. तयार मिळणाऱ्या बोर्डांवर १.२ च असतो, कारण ते १८६५० साठी बनलेले. आय१आरमध्ये १०१८० सेल असतो, ८० एमएएचच्या आगेमागे, म्हणजे १३० सुद्धा त्याला जास्तच. चांगल्या कंपन्या हे हिशोब करतात, ट्रेनमध्ये ऐंशी रुपयांना मिळणाऱ्या टॉर्चमध्ये केलाय की नाही हे बाहेरून दिसत नाही. भारतात अशा सेलना आयएस १६०४६ प्रमाणे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे, पण सुट्ट्या मालावर तो शिक्का शोधायला कोण जातो. लोक मात्र अजून विचारतात ‘३३ वॉटच्या फास्ट चार्जरने टॉर्च जळेल का’, तर नाही जळणार, टॉर्च मागत नाही तोवर चार्जर ५ व्होल्टच देतो आणि करंट टॉर्चमधली चिपच ठरवते, बाहेरचा चार्जर कितीही मोठा असो. उलट बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये टाइप-सीसाठी लागणारे दोन ५.१ किलो-ओहमचे रेझिस्टरच गाळलेले असतात, त्यामुळे दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या केबलवर त्या चार्जच होत नाहीत, जुनी चपटी यूएसबी लागते.

आत काय लावलंय याचा अंदाज घड्याळावरून येतो. असा सेल भरायला तास-दीड तास लागला आणि टॉर्च फार तर कोमट झाली तर ठीक, पंधरा मिनिटांत फुल्ल आणि हाताला चटका बसत असेल तर करंट जास्त आहे किंवा सेल मेलाय. आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात दुपारी चार्जिंगला लावूच नका, लिथियम-आयनची चार्जिंगची वरची मर्यादा साधारण ४५ अंश आहे, ती तिथं टॉर्च लावायच्या आधीच गाठलेली असते.