अदृश्य ते सगळंच अमूर्त नसतं

'हवेसारख्या अमूर्त गोष्टी' हे शब्द पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात आणि दर वेळी खटकतात. डोळ्यांना दिसत नाही ते अदृश्य, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ होतो तो अमूर्तपाशी.

हवा दिसत नाही, पण समुद्रसपाटीला घनमीटरभर हवेचं वजन सुमारे १.२ किलो भरतं. ती टायरमध्ये कोंडता येते. जंतूही नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. न्याय मात्र कुठल्याही भिंगाखाली सापडणार नाही, कारण तिथे नजर कमी पडते असं नाहीच. बघण्याजोगं काही नसतंच. म्हणून मी एकच कसोटी लावतो: उपकरण सुधारलं तर हाती लागेल का? लागेल, तर अदृश्य. न्याय, मैत्री, सात ही संख्या, दिलेला शब्द, हे अमूर्त.

उलट बाजूही बघा. युनेस्कोच्या २००३ च्या करारात 'अमूर्त सांस्कृतिक वारसा' आहे. त्यातलं नृत्य डोळ्यांना दिसतं, गाणं कानांना ऐकू येतं. तरी तो वारसा अमूर्तच, कारण पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातं ते कसब आणि ज्ञान. त्याला 'अदृश्य वारसा' म्हटलं तर अर्थच बुडतो.

हवेबद्दलचा गोंधळ जुना आहे, हेही मान्य करायला हवं. बृहदारण्यक उपनिषदात वायू आणि अंतरिक्ष अमूर्तात धरले आहेत. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी मात्र मर्यादित परिमाण असलेलं ते मूर्त असं ठरवून वायूला मूर्तात बसवलं (त्यांच्या यादीत मनसुद्धा मूर्त आहे!) आणि आकाश, काल, दिशा, आत्मा अमूर्तात ठेवले. मुळात 'मूर्त' ज्या संस्कृत धातूपासून आला, त्याचा एक अर्थ गोठणं, घट्ट होणं असा आहे. आजच्या मराठीत हवेपुरतं मी वैशेषिकांच्या बाजूने आहे. मन मात्र अमूर्तच म्हणावं.

निराकार म्हणजेही अमूर्त नव्हे, थोडक्यात सांगायचं तर: पाण्याला स्वतःचा आकार नाही, तरी ते मूर्तच.

आणि मोघम बोलण्याला 'अमूर्त बोलणं' म्हणू नये. 'प्रामाणिकपणा' अमूर्त आहे, पण 'सापडलेलं पाकीट परत करणं म्हणजे प्रामाणिकपणा' या वाक्यात मोघम काहीच नाही.