मोन भाषेत ‘ग’ गेला आणि स्वर बदलला

म्यानमारच्या मोन राज्यात एखादे मूल वर्णमाला म्हणू लागले, तर मराठी कान पहिल्या दोन अक्षरांपर्यंत निर्धास्त असतो आणि तिसऱ्यापाशी अडखळतो. मोन लिपी ब्राह्मीच्या वंशातली असल्याने क्रम आपलाच आहे. परंतु ‘क’ आणि ‘ख’ यांच्यानंतर, ‘ग’च्या अक्षराला, पुन्हा ‘क’च ऐकू येतो आणि त्याच्या पोटातला ‘अ’ मात्र ‘ॲ’कडे झुकलेला, श्वास मिसळलेला असतो.

प्राचीन मोन शिलालेखांच्या काळात ग, ज, द, ब हे वर्ण खरोखरच घोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारले जाणारे, होते. घोष वर्ण उच्चारताना स्वरयंत्र किंचित खाली सरकते आणि स्वरतंतू सैलावतात, त्यामुळे पुढचा स्वर थोडा खालच्या पट्टीत आणि सश्वास निघतो. (‘बारा’ आणि ‘भारा’ लागोपाठ म्हणून पाहिल्यास दुसऱ्या शब्दातला श्वास कसा असतो, ते जाणवेल.) पुढे व्यंजनातला घोष लोपला आणि शब्दाशब्दांतला फरक सांभाळण्याचे काम स्वरावर येऊन पडले. लेखन जुनेच राहिल्यामुळे मोन वाचणाऱ्याला नुसत्या स्वरचिन्हावरून उच्चार कळत नाही, आधी व्यंजन पाहावे लागते. ऱ्हस्व-दीर्घाने गांजलेल्या मराठी माणसाने यावर थोडे सुखावायला हरकत नाही. मोनच्याच ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या, कंबोडियाच्या ख्मेर भाषेत हा बदल आणखी पुढे गेला. तिथे श्वासही विरला आणि बदललेला स्वर तेवढा उरला. म्हणूनच कंबोडियाच्या ‘कंबुजा’ या नावातल्या ‘ब’चा ‘प’, ‘जा’चा ‘चीअ’ होऊन आपल्याला ‘कांपुचिया’ ऐकू येते.

सगळे स्वर एकाच वाटेने गेले नाहीत. पाण्याचा शब्द शिलालेखांत ‘डाक’ असा आहे. यातला ‘ड’ हवा आत ओढून उच्चारला जाणारा असल्याने तो टिकला आणि स्वरात श्वास शिरला नाही. पण म्यानमारच्या मोनमध्ये शेवटचा ‘क’ तालूकडे सरकला आणि स्वराला ‘इ’ची शेपटी फुटून ‘डाइच’सारखा उच्चार झाला. ‘पवित्र’ या अर्थाच्या ‘क्याक’चेही तसेच झाले, सोनेरी शिळेसाठी प्रसिद्ध असलेल्या क्याइकटियोच्या नावात तो सापडतो. थायलंडच्या पठाराकडे राहणाऱ्या, मोनची सख्खी बहीण असलेल्या न्याह कुर भाषेत मात्र पाणी अजून ‘डाक’च आहे. याच ऑस्ट्रोआशियाई कुळातली कोरकू भाषा मेळघाटात बोलली जाते आणि तिथे पाण्याला ‘डा’ म्हणतात.